पढतमूर्ख आणि परिषद



आपल्या भागात दिवाळी सरली आणि खरिपाचा माल घरात आला, की मेळाव्यांचा आणि परिषदांचा हंगाम सुरू होतो. कुठे शेतकरी मेळावा, कुठे शिक्षकांचे अधिवेशन, कुठे डॉक्टरांची परिषद, कुठे साहित्य संमेलन. जालन्याला, अंबडला, भोकरदनला, परतूरला मांडव पडतात, सतरंज्या अंथरल्या जातात, माईकवाला "हॅलो, हॅलो" करतो, आणि पत्रिका घरोघर जातात. खरे सांगायचे तर निम्मे भांडण त्या पत्रिकेतच सुरू होते. कोणाचे नाव वर गेले, कोणाचे खाली आले, कोणाच्या नावामागे 'डॉक्टर' लावायचे राहून गेले. एवढ्यावरून ऐनवेळी "प्रकृती बरी नाही" असा निरोप पाठवणारे विद्वान तुम्हीही पाहिले असतील.

आज याच विषयावर तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत. शिकलेसवरलेली, आपापल्या कामात नाव काढलेली माणसे एका मांडवाखाली जमली, म्हणजे काही वेळा अशी का वागतात? एरवी घरी, शेतावर, दवाखान्यात सरळ बोलणारा माणूस व्यासपीठावर चढला की एकदम ताठ का होतो? तुम्ही म्हणाल, "होईना का! मोठ्यांचे मानपान मोठ्यांना लखलाभ. आपले काय बिघडते त्यात?" बिघडते. बरेच बिघडते. ते कसे, हे सांगण्यासाठी एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोसंबीवर परिषद भरली होती. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दामच सांगत नाही, कारण दोष एका गावाचा नाही. वेळ सकाळी दहाची होती. मुख्य पाहुणे साडेबारा वाजता आले. मग दीपप्रज्वलन, हारतुरे, शाल-श्रीफळ. पहिल्या वक्त्यांना वीस मिनिटे दिली होती. त्यांनी तासभर घेतला, आणि त्यातला निम्मा वेळ आपण कोणकोणत्या देशांत जाऊन आलो ते सांगितले. दुसऱ्यांनी उठल्याबरोबर पहिल्यांच्या चुका काढल्या. तिसऱ्यांची खुर्ची कडेला होती, तर त्यांनी तेही माईकवरूनच सुनावले. शेवटी प्रश्नोत्तरांना दहा मिनिटे उरली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारे बागायतदार उठले. डोक्याला रुमाल, हातात एक फडक्याचे गाठोडे. आपण त्यांना बाबा म्हणू. बाबा म्हणाले, "साहेब, माझ्या बागेत तीन बाजूंचं फळ ठीक हाय. पर वढ्याकडच्या बांधाला गुळवेल लई माजलीया, तिकडचीच फळं गळायलीत. बारीक भोकं पडल्यात त्याला. त्या वेलीचा अन् गळीचा काही..."

बाबांना वाक्य पुरे करता आले नाही. व्यासपीठावरचे तज्ज्ञ हसून म्हणाले, "बाबा, वेलीची दृष्ट लागली असेल मोसंबीला! लिंबू-मिरची बांधा." मांडव हसला. आम्हीही हसलो. होय, मीही हसलो, ते लपवत नाही. बाबा खाली बसले. गाठोड्यात त्यांनी गळालेली फळे बांधून आणली होती, दाखवायला. ते गाठोडे त्यांनी सोडलेच नाही. जेवण न करता ते उठून गेले.

आता पुढचे ऐका. मोसंबीची फळे गळतात त्याला कारणे पुष्कळ आहेत. पाण्याचा ताण, मुळाशी पाणी साचणे, अन्नद्रव्यांची कमतरता, बुरशी. त्यातलेच एक कारण म्हणजे रस शोषणारा पतंग. हा पतंग अंधार पडल्यावर बागेत येतो आणि आपली सोंड पिकत आलेल्या फळात खुपसून रस ओढतो. त्या बारीक भोकातून बुरशी आत शिरते, तिथे फळ सडू लागते आणि गळून पडते. आणि या पतंगाची अळी मोसंबीवर वाढतच नाही. ती वाढते गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर. म्हणून मोसंबीच्या शिफारशींत लिहिलेले असते की बागेजवळच्या बांधावरच्या या वेली काढाव्यात, गळालेली फळे गोळा करून पुरावीत, आणि फळ पिकायच्या दिवसांत संध्याकाळी बागेत धूर करावा. गुळवेल औषधी आहे, ती ठेवायची तर बागेपासून लांब ठेवावी.

म्हणजे काय झाले? बाबांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून अर्धा शोध लावलेला होता. पुस्तकातली उरलेली अर्धी माहिती त्याच व्यासपीठावर, दहा हातांवर बसलेली होती. त्या तज्ज्ञांना हे ठाऊक नसेल असे मी म्हणत नाही. प्रश्न पुरा ऐकला असता तर त्यांना ते आठवलेही असते. पण दोन अर्ध्या गोष्टींची गाठ पडायची ती पडली नाही, कारण मध्ये एक थट्टा आडवी आली. बाबांच्या बागेचे त्या वर्षी काय झाले असेल, याचा हिशेब कोणत्याही अहवालात आलेला नाही. अहवालात लिहिले होते, "परिषद उत्साहात पार पडली."

मंडळी, हे आजचे दुखणे नाही, आणि त्याला नाव देणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला. घनसावंगी तालुक्यातले जांब हे गाव तुम्हाला ठाऊक आहे. आज आपण त्याला जांबसमर्थ म्हणतो. तिथे १६०८ साली रामनवमीला नारायणाचा, म्हणजे पुढे समर्थ रामदास म्हणून प्रसिद्ध झालेल्या पुरुषाचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधात वीस दशक आहेत, आणि प्रत्येक दशकात दहा समास. त्यातल्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खांच्या लक्षणांचा आहे, हे शाळेत आपण ऐकलेले असते. पण त्याच दशकाचा शेवटचा, दहावा समास पुष्कळांच्या लक्षात नसतो. तो आहे पढतमूर्खांचा.

पढतमूर्ख म्हणजे शिकलेला मूर्ख. न शिकलेला मूर्ख वेगळा. त्याला कळत नाही, म्हणून तो चुकतो. पढतमूर्खाला सगळे कळते. तो बहुश्रुत असतो, बोलतो चांगले, दुसऱ्याला उपदेशही बरोबर करतो. पण अभिमान सोडत नाही. आपल्या जाणतेपणाच्या जोरावर तो सगळ्यांना नावे ठेवतो, दुसऱ्यातले उणे शोधतो आणि जसे बोलतो तसे स्वतः वागत नाही. समर्थांनी ही लक्षणे सांगितली ती कोणाला हिणवण्यासाठी नव्हे. ती ओळखून टाकून द्यावीत यासाठी. म्हणून हा समास वाचताना "हा अमक्याला लागू पडतो, हा तमक्याला" असे करू नये. आरसा दुसऱ्याच्या तोंडापुढे धरायचा नसतो.

तुम्ही विचाराल, की खेड्यातल्या परिषदेत असे होत असेल, पण मोठ्या देशांत, मोठ्या शास्त्रज्ञांत असे थोडेच होते? तर तिथलीही एक हकीकत ऐका.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हा आपल्या देशातला तरुण. जन्म १९१० साली लाहोरचा, शिक्षण मद्रासचे. १९३० साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो बोटीने इंग्लंडला शिकायला निघाला आणि त्या प्रवासातच त्याने गणित मांडले. तारा म्हातारा झाला, त्याचे इंधन संपले, की तो आकसतो आणि एका लहान, घट्ट, पांढऱ्या ताऱ्याच्या रूपात शांत होतो, अशी तेव्हाची समजूत होती. चंद्रशेखरच्या गणिताने सांगितले की प्रत्येक तारा असा शांत होणार नाही. त्याला एक मर्यादा आहे. आपल्या सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापेक्षा तो जड असेल, तर तो आकसतच जाईल.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्याने हे मांडले. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्याच्यानंतर लगेच सर आर्थर एडिंग्टन उठले. एडिंग्टन म्हणजे त्या काळच्या खगोलशास्त्रातले फार मोठे नाव. १९१९ सालच्या ग्रहणात निरीक्षण करून आइनस्टाइनच्या सिद्धांताला पुरावा मिळवून देणाऱ्यांत ते अग्रणी होते. ते चंद्रशेखरला वरचेवर भेटत होते, त्याचे काम कुठवर आले याची चौकशी करत होते. पण आपला विरोध आहे, हे त्यांनी त्याला एकदाही सांगितले नव्हते. सभेत मात्र त्यांनी त्याच्या सिद्धांताची थट्टा उडवली. तारा असा वेड्यासारखा वागू नये म्हणून निसर्गाने काहीतरी कायदा केलेलाच असला पाहिजे, अशा अर्थाचे ते बोलले. सभागृह हसले. चंद्रशेखरला उत्तर देण्याची संधी मिळाली नाही.

पाहा, लंडनचे सभागृह आणि आपल्या तालुक्याचा मांडव, दोन्हीकडे एकच आवाज आला. हसण्याचा.

पुढे काय झाले? कित्येक नामांकित शास्त्रज्ञांना खाजगीत चंद्रशेखरचे म्हणणे पटत होते. पण एडिंग्टनसारख्या माणसाविरुद्ध उघड बोलायला कोणी पुढे झाले नाही. चंद्रशेखरने त्या विषयावर १९३९ साली एक ग्रंथ लिहिला आणि तो दुसऱ्या विषयांकडे वळला. आकसणाऱ्या ताऱ्याचे शेवटी काय होते, हा प्रश्न बरीच वर्षे बाजूला पडून राहिला. आज आपण ज्याला कृष्णविवर म्हणतो, त्याकडे जाणारी ती वाट होती. १९८३ साली, म्हणजे त्या सभेनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले. आणि त्यांचा मोठेपणा असा, की त्याच सुमारास एडिंग्टनच्या जन्मशताब्दीनिमित्त केंब्रिजला व्याख्याने देताना त्यांनी एडिंग्टनला आपल्या काळातला सर्वांत थोर खगोलभौतिकीज्ञ म्हणून गौरवले. अपमान पोटात घालून त्यांनी गुणाला गुण म्हटले.

आता आपण जरा खोलात जाऊ. असे का होते? शिक्षण वाढले की नम्रता यावी असे आपण म्हणतो. मग उलट का व्हावे?

पहिले कारण म्हणजे भीती. हे तुम्हाला नवल वाटेल, पण तज्ज्ञाला सगळ्यात मोठे भय वाटते ते "मला ठाऊक नाही" या तीन शब्दांचे. शेतकऱ्याला हे शब्द जड जात नाहीत. पाऊस कधी येईल विचारले, तर तो सरळ सांगतो, "काय सांगावं बाबा!" पण ज्याची सारी प्रतिष्ठा 'ठाऊक असण्यावर' उभी आहे, त्याला आडवळणाचा प्रश्न आला की जमीन सरकल्यासारखी वाटते. मग तो प्रश्नाला उत्तर देत नाही, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देतो. थट्टा ही पुष्कळदा अडाण्याची ढाल नसते, शहाण्याची असते.

दुसरे कारण व्यासपीठ. चार फूट उंच फळ्या टाकल्या, वर खुर्च्या मांडल्या, पुढे हार ठेवले, की वर बसलेल्याला खाली बसलेले लहान दिसू लागतात. माणूस तोच असतो, फक्त नजर खाली वळलेली असते. त्यात सूत्रसंचालक प्रत्येकाची ओळख करून देताना विशेषणांची खैरात करतो. "थोर विचारवंत", "ख्यातनाम", "ज्यांच्या परिचयाची गरज नाही असे", आणि मग दहा मिनिटे परिचय. एवढे ऐकल्यावर भल्याभल्याला ते खरे वाटू लागते.

तिसरे कारण आपण स्वतः. होय, श्रोते. आपण उशिरा येणाऱ्यासाठी ताटकळत बसतो, पण वेळेवर येणाऱ्याला कधी दाद देत नाही. लांबलेल्या भाषणावर मागे कुजबुजतो आणि शेवटी टाळ्या वाजवतो. कोणाची थट्टा झाली की हसतो. एडिंग्टनच्या हातात तलवार नव्हती. त्याला धार दिली ती हसणाऱ्यांनी.

आणि या सगळ्याची किंमत? हिशेब सोपा आहे. समजा, तीनशे माणसे जमली आणि कार्यक्रम एक तास उशिरा सुरू झाला. तीनशे तास गेले. आठ तासांचा एक रोज धरला, तर सदतीस रोजांहून जास्त काम मांडवात बसून वाया गेले. तसेच सहा वक्त्यांनी प्रत्येकी दहा मिनिटे जास्त घेतली, तर बरोबर एक तास होतो. तो तास कुठून येतो? प्रश्नोत्तरांतून. म्हणजे वक्त्यांचा अहंकार श्रोत्यांच्या वाट्याचे खातो. पंगतीत वाढप्यानेच आधी जेवून घ्यावे आणि शेवटच्या रांगेला "आता संपले" म्हणावे, तसा हा प्रकार.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. सभ्यता म्हणजे गुळमुळीत बोलणे नव्हे. परिषदेत मतभेद झालेच पाहिजेत. सगळे एकमेकांची स्तुतीच करणार असतील, तर जमायचे कशाला? प्रश्न मतभेदाचा नाही, तो मांडण्याच्या रीतीचा आहे. याची दोन उदाहरणे आपल्याच मराठी माणसांची देतो.

पहिले १९०७ सालचे. राष्ट्रीय सभेचे अधिवेशन त्या वर्षी नागपूरला भरायचे होते, ते सुरतेला हलवले गेले. जहाल आणि मवाळ असे दोन पक्ष पडले होते. एकीकडे लोकमान्य टिळक, दुसरीकडे नामदार गोखले, सर फिरोजशहा मेहता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी. कोण होती ही माणसे? वकील, संपादक, प्राध्यापक. देशातली सगळ्यात शिकलेली मंडळी. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथांना बोलू दिले नाही, गोंधळात सभा तहकूब झाली. २७ तारखेला टिळक आपला मुद्दा मांडण्यासाठी व्यासपीठावर गेले. त्यांनी आधी चिठ्ठी पाठवली होती. त्यांना परवानगी मिळेना, आणि ते जागचे हलेनात. एवढ्यात समोरून एक जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथांना लागून पुढे फिरोजशहांना लागला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, आणि पोलिसांनी मंडप रिकामा केला. राष्ट्रीय सभा फुटली. दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र यायला १९१६ साल उजाडले, लखनौला.

चूक कोणाची, यावर शंभर वर्षे वाद चाललेला आहे. तो आपण इथे सोडवणार नाही. आपल्याला त्यातून एक गोष्ट घ्यायची आहे. ज्याला बोलायचे होते त्याला बोलण्याची ठरलेली वाट मिळाली नाही, आणि ज्याला ऐकायचे नव्हते त्याने आरडाओरडा केला. वाट बंद झाली की जोडा उडतो. पण त्याच धुमश्चक्रीतला एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. नेव्हिन्सन नावाचे इंग्रज पत्रकार तिथे हजर होते, त्यांनी तो लिहून ठेवला आहे. टिळकांच्या अंगावर लोक धावून येऊ लागले, तेव्हा त्यांच्या बाजूला उभे राहून, दोन्ही हात पसरून, त्यांचा बचाव करायला कोण उभे राहिले? गोपाळ कृष्ण गोखले. ज्यांच्याशी कडाक्याचा मतभेद होता तेच. आणि १९१५ साली गोखले वारले, तेव्हा टिळक सिंहगडावरून पुण्याला आले आणि स्मशानात उभे राहून त्यांनी गोखल्यांचा गौरव केला. मतभेद शेवटपर्यंत राहिला. माणुसकी त्याच्या आड आली नाही.

दुसरे उदाहरण १९७५ सालचे. कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. देशात आणीबाणी होती. अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्याच सरकारातले मंत्री. दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध आणि लेखकाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने भर संमेलनात स्पष्ट आवाज उठवला, तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. याहून कडक बोलणे कोणते? पण त्याला उद्धटपणा कोणी म्हणणार नाही. त्यात कोणाची थट्टा नव्हती, स्वतःची बढाई नव्हती. बोलण्याची किंमत स्वतः मोजायची तयारी होती. पुढे त्यांना अटकही झाली. तेव्हा ओळखायची खूण अशी: स्वतःला धोका पत्करून मोठ्याला खरे सुनावणे हे धैर्य, आणि स्वतःला काही धोका नसताना लहानाला गप्प बसवणे ही मग्रुरी. बाबांची थट्टा करणाऱ्या तज्ज्ञांना काय धोका होता?

आता तुम्ही म्हणाल, रोग सांगितला, औषध सांगा. औषध दूर शोधायला नको. आपल्या खेड्यात सप्ताह बसतो तेव्हा पाहा. कीर्तनकार उभा राहतो त्या जागेला आपण नारदाची गादी म्हणतो. मान त्या जागेचा असतो. पंचवीस वर्षांचा तरुण कीर्तनाला उभा राहिला, तरी सत्तर वर्षांचा म्हातारा त्याच्या पाया पडतो. आणि दोन वारकरी वाटेत भेटले की दोघेही एकमेकांच्या पायांना हात लावतात. आधी कोण वाकायचे, हा प्रश्नच उरत नाही, कारण दोघे एकदमच वाकतात. दोघेही दुसऱ्याला 'माऊली' म्हणतात. एवढी मोठी वारी, एवढ्या दिंड्या, पण जागा ठरलेली, क्रम ठरलेला. आपल्या पूर्वजांना सभा कशी चालवावी हे ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये.

शेतीतही असे नमुने आहेत. जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांचे मासिक चर्चासत्र वर्षानुवर्षे भरत आले आहे. शास्त्रज्ञ आणि शेतकरी महिन्याच्या महिन्याला भेटतात, तेव्हा दोघांचीही ओळख वाढते. मागच्या महिन्यात काय सांगितले आणि त्याचे काय झाले, हे पुढच्या महिन्यात विचारणारा माणूस समोर बसलेला असतो. वर्षातून एकदा येऊन, हार घेऊन, गाडीत बसून जाणाऱ्याला ताठ राहणे परवडते. दर महिन्याला येणाऱ्याला ते परवडत नाही. म्हणून परिषद एकदाच मोठी करण्यापेक्षा लहान आणि वारंवार करावी, हे पहिले औषध.

दुसरे औषध अध्यक्षांकडे. अध्यक्षाचे काम शेवटी लांबलचक भाषण करणे हे नाही. गाडीवानाने बैलांचा कासरा धरावा तसे वेळेचे भान धरणे हे त्याचे काम. वक्त्याची वेळ संपायच्या दोन मिनिटे आधी चिठ्ठी द्यावी, आणि वेळ संपली की नम्रपणे उभे राहावे. प्रश्नांचा वेळ आधी राखून ठेवावा, उरलेला देऊ नये. आणि कोणी प्रश्नकर्त्याची थट्टा केली, तर अध्यक्षाने तिथल्या तिथे म्हणावे, "प्रश्न पुरा होऊ द्या."

तिसरे औषध वक्त्यांसाठी. पत्रिकेत नाव कुठे आहे ते पाहू नये, मागच्या रांगेपर्यंत आवाज जातो का ते पाहावे. आधीच्या वक्त्याची चूक दाखवायची, तर आधी त्याचे बरोबर काय ते सांगावे. आपले झाले की निघून जाऊ नये. जो दुसऱ्याचे ऐकायला थांबत नाही, त्याचे दुसऱ्यांनी का ऐकावे? आणि ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही, विचारून कळवतो" म्हणावे, आणि खरोखरच कळवावे. या एका वाक्याने जेवढा मान मिळतो, तेवढा शालीने मिळत नाही.

चौथे औषध प्रश्न विचारणाऱ्यांसाठी, कारण आपलेही दोष आहेत. पुष्कळजण प्रश्न म्हणून उभे राहतात आणि भाषण करतात. प्रश्न दोन वाक्यांत विचारावा. आपली परीक्षा झाली तशी वक्त्याची परीक्षा घेण्यासाठी विचारू नये. आणि बाबांसारखे काही दाखवायला आणले असेल, तर आधी गाठोडे सोडावे, मग बोलावे. डोळ्यांपुढे असलेल्या गोष्टीची थट्टा करणे अवघड असते.

आता खास शिक्षक बंधुभगिनींसाठी. तुमच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते. तिथे कोणी उत्तम इंग्रजी बोलणारा असतो, कोणी पुरस्कार मिळालेला असतो, आणि कोणी वस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळेतला नवा शिक्षक असतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले गावात कशी टिकवली, हे कदाचित त्या नव्या शिक्षकालाच ठाऊक असेल. पण तो सगळ्यात मागे बसतो आणि एकदा कोणी त्याच्या बोलण्यावर हसले, की निवृत्त होईपर्यंत तो तोंड उघडत नाही. म्हणून नव्याला आधी बोलू द्यावे, जुन्यांनी नंतर बोलावे. जुने आधी बोलले, की नवे नुसती मान डोलावतात.

आणि शाळेचा वर्ग तरी काय आहे? तीही एक परिषदच. तिथे तुम्ही तज्ज्ञ, अध्यक्ष आणि सूत्रसंचालक तिन्ही आहात. मुलाने चुकीचे उत्तर दिले आणि वर्ग हसला, तर त्या क्षणी तुम्ही काय करता, यावर पुढची पिढी सभेत कशी वागेल हे ठरते. हसणाऱ्यांत तुम्ही सामील झालात, तर तिथे एक पढतमूर्ख आणि एक मुका असे दोघे एकाच वेळी तयार होतात. तुम्ही म्हणालात, "थांबा, तो असे का म्हणतो ते ऐकू या," तर कदाचित चुकीच्या उत्तरातून बरोबर वाट निघेल.

शेवटी त्या बाबांकडे येतो. पतंगाची आणि गुळवेलीची माहिती वाचल्यावर मला त्यांची आठवण झाली. मी त्यांच्या गावी जाऊन चौकशी केली. बाबा भेटले. ओट्यावर बसवले, पाणी दिले. मी पुस्तकातले वाचून दाखवले आणि त्या दिवशी हसल्याबद्दल माफी मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजी मेळ व्हता तर. मला वाटलंच व्हतं." मग थोडे थांबून म्हणाले, "वेल तर मी तवाच काढली गुरुजी. पर त्या मांडवात आणखी साठ-सत्तर बागाइतदार व्हते. त्येंनी कवा ऐकायचं?"

मंडळी, त्यांच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या परिषदेत कोणी हातात गाठोडे घेऊन उठला, तर तुम्ही हसू नका. शेजारचा हसला, तर त्याच्या गुडघ्यावर हात ठेवा आणि म्हणा, "ऐकू या."